काकूच्या पोटात बाळ गेलं कसं? सात वर्षांच्या पोराला काय सांगायचं

ताई, आधी ते गोळीचं प्रकरण आज रात्रीच मिटवून टाका, बाकीचं सावकाश. तुम्ही लिहिलंय की जाऊबाईंना सातवा महिना आहे, तुमच्या 7 वर्षांच्या मुलाने विचारलं की काकूच्या पोटात बाळ गेलं कसं, त्यावर सासूबाई म्हणाल्या देवाने धाडलं, मिस्टर म्हणाले दवाखान्यातून आणतात, आणि तुमच्या तोंडून घाईत निघून गेलं की काकूने गोळी खाल्ली. आता पोरगा तापाची गोळी घ्यायला तयार नाही, तोंड घट्ट मिटून बसतो. घरातले हसतायत, पण त्याचं काय चुकलं सांगा बरं, गोळीने बाळ येतं असं प्रत्यक्ष आईनेच सांगितल्यावर तो दुसरं काय समजणार.

मी जळगावात बरीच वर्षं लहान मुलांची ओपीडी बघते, आणि वयात येणाऱ्या पोरापोरींशी बोलायला शाळांमधे, चोपडा-यावलकडच्या आश्रमशाळांमधेही जाते. त्यामुळे तुमचा प्रश्न मला नवा नाही, फक्त गोळीचं व्हर्जन जरा नवीन आहे.

आडून बोलणं वाईट असतं असं मला अजिबात वाटत नाही. हल्ली काही लोक सांगतात की दोन वर्षांच्या लेकरासमोरही सगळं पुस्तकी शब्दांत बोला, मला ते पटत नाही. आपण मोठी माणसं आपसात आडूनच बोलतो की, तिला दिवस गेले, तिला अडचण आहे, पिशवी काढली, अंगावरून जातं, आणि कुणाचं काही अडत नाही, कारण ऐकणाऱ्याला आतली गोष्ट आधीच माहीत असते. लेकराला ती माहीत नसते, त्याला तुम्ही दिलेला शब्द म्हणजेच अख्खी माहिती. म्हणून मी आईबापांना एवढंच बघायला सांगते की तुमचा शब्द नुसता झाकतोय का खोटं सांगतोय. 'शूची जागा' हा झाकणारा शब्द, चालेल. 'गोळी खाल्ली' हे खोटं, ते नंतर कुठून कसं वर येईल सांगता येत नाही.

आपल्याकडची जुनी उत्तरं तर तुम्हाला माहितीच आहेत. तुला कोंड्यावर घेतलं, बोहारणीला जुने कपडे देऊन घेतलं, उकिरड्यावर सापडलास, तापीच्या पुरात वाहून आलास. आजी-काका मजेत बोलतात आणि बहुतेक पोरं हसतात पण, पण चार-पाच वर्षांचं जरा हळवं पोर असेल आणि त्याच सुमारास घरात दुसरं बाळ आलेलं असेल तर ते खरंच धरून बसतं की मी यांचा नाही. मग रात्री अंथरुणात शू सुरू होते, शाळेत जात नाही, आणि आई माझ्याकडे जंताचं औषध मागायला येते. घरात दत्तक मूल असेल तर हा विनोद पूर्ण बंद, त्यात मला काही सूट द्यावीशी वाटत नाही.

'देवाने दिलं' याच्याशी मात्र माझं भांडण नाही. कानबाईला, गौराईला मानणारी घरं आहेत आपली, आजीला लेकराने विचारलं "बाळ कथाईन उनं वं माय?" तर ती म्हणणारच "देवनी धाडं", आणि तिच्या मनात ते खरंच आहे. तिला लेकरासमोर खोटं पाडू नका. फक्त त्यापुढे तुम्ही जोडा, की आजी म्हणते ते आहेच, आता ते बाळ काकूच्या पोटात कुठे राहतं ते मी सांगते. सात वर्षांच्या मुलाला या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवायला काही त्रास होत नाही, त्रास आपल्याला होतो.

त्यातल्या त्यात सभ्य वाटणारं उत्तर म्हणजे 'लग्न झालं की बाळ होतं'. हे मला सगळ्यात जास्त खटकतं कारण ते अर्धं खरं वाटतं आणि म्हणून वर्षानुवर्षं डोक्यात टिकतं. पाच वर्षांचं पोर भर पंगतीत विचारतं, आत्याचं तर लग्न झालंय मग तिला बाळ का नाही, आणि त्या आत्याचा चेहरा बघवत नाही. आणि हेच पोर मोठं होतं तेव्हा नववीतली मुलगी चिठ्ठीत लिहून विचारते की मुलाच्या शेजारी बाकावर बसलं, त्याच्या टॉवेलला हात पुसले तर दिवस जातात का, आणि दुसरी मुलगी बिनधास्त असते कारण तिच्या समजुतीप्रमाणे लग्नाशिवाय काही होतच नाही. दोघींना एकाच वाक्याने फसवलंय. शाळेत म्हणाल तर माणसाचं प्रजनन नीट सविस्तर येतं ते दहावीच्या विज्ञान भाग 2 मधे, तोपर्यंत पोरं 15 ची झालेली असतात, आणि तो धडाही बऱ्याच ठिकाणी 'घरी वाचून घ्या' वर संपतो.

शिकलेल्या घरांमधे आजकाल 'बाबांनी आईच्या पोटात बी पेरलं' असं सांगायची फॅशन आहे. ऐकायला गोड आहे, शेतकरी माणसाला जवळचं वाटतं. पण आपल्या भागात हे उत्तर टिकत नाही हो. रावेरकडच्या एका पोराने मला विचारलं होतं की केळीला तर बी नसतं, आम्ही मुनवे (बुंध्याशी फुटणारे कोंब) लावतो नाहीतर टिश्यूची रोपं आणतो, मग मी टिश्यूचा आहे का. मी हसून हसून बेजार. पण मला त्या बी-पेरणीतली खरी चूक वेगळी वाटते. त्यात बाप बी आणि आई नुसती जमीन, म्हणजे पोर सगळं बापाचं आणि आईने नऊ महिने जागा दिली एवढंच. असं नसतं. आईबापाचे गुण पोरात आणणारी जी गुणसूत्रं, ती आईकडून 23, बापाकडून 23, आईचं बीजांड तर बापाच्या शुक्राणूपेक्षा उलट कितीतरी मोठं असतं, साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. आणि गंमत बघा, जमिनीचं उदाहरण देणारी हीच माणसं मुलगी झाली की मात्र जमिनीला दोष देतात. मुलगा का मुलगी हे बापाच्या शुक्राणूत एक्स गुणसूत्र आहे का वाय त्यावर ठरतं, आईकडून नेहमी एक्सच येतो. हे पोरांना दहा-अकराव्या वर्षी आवर्जून सांगा. 2011 च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात 6 वर्षांपर्यंतच्या 1000 मुलग्यांमागे 842 मुली होत्या. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा 1994 चा, तरी सोनोग्राफीहून आलं की 'पेढा का जिलेबी' असं विचारणारे अजून भेटतात, आणि शेजारी बसलेल्या आठ वर्षांच्या पोरीला त्याचा अर्थ बरोबर कळतो. आडून बोलण्याचा हा प्रकार मी तरी माफ करत नाही.

खरं तर खेड्यातल्या पोराला सुरुवात करून द्यायचीही गरज नसते. शेळीला बोकड दाखवायला नेलेलं त्याने बघितलंय, गाय माजावर आली, डॉक्टर येऊन भरवून गेला, गाय गाभण राहिली नाही म्हणून बाप चिडला, हे सगळं ओट्यावर त्याच्यासमोर मोठ्या आवाजात बोललं जातं. हळदीच्या रात्री बाया चेष्टेची गाणी म्हणतात तेव्हा तर पोरं मांडीवरच असतात, आणि त्या गाण्यांत काय काय असतं ते मी इथे लिहित नाही. आणि त्याच पोराने सकाळी साधा प्रश्न विचारला की "गुपचूप बठ". त्याला यातून एकच कळतं, की हे गाईबद्दल बोलायचं असतं, गाण्यात म्हणायचं असतं, पण आईला विचारायचं नसतं. मग तो मोठ्या चुलतभावाला विचारतो, आणि चुलतभावाकडे मोबाइल असतो.

आता अवयवांची नावं. घरात चिमणी, नुन्नी, पोपट, फुलपाखरू काय वाट्टेल ते म्हणा, लाडाची नावं असतात, असू द्या. पण पाच वर्षांचं होईपर्यंत घराबाहेरच्या माणसाला कळेल असा एकतरी शब्द लेकराकडे पाहिजेच, निदान 'शूची जागा' आणि 'शीची जागा', आणि आठ-नऊपर्यंत शिश्न, वृषण, योनी, गर्भाशय हे शब्द एकदा तरी आईच्या तोंडून ऐकलेले पाहिजेत. मराठीत हे शब्द चारचौघांत बोलण्यासारखे नाहीत असं म्हणतात लोक. र. धों. कर्व्यांनी 1921 मधे मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून मरेपर्यंत म्हणजे 1953 पर्यंत याच विषयांवर मराठीत मासिक चालवलं, खटले अंगावर घेऊन. शब्द तेव्हापासून आहेतच, तोंड उघडत नाही ही गोष्ट वेगळी.

मी शब्दांवर एवढी का अडते त्याचं कारण डॉक्टरकीतलं आहे. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा रात्री अचानक कळवळतो, उलटी होते, विचारलं कुठे दुखतंय तर म्हणतो पोटात. घरचे ओवा देतात, शेक देतात, सकाळी बघू म्हणतात. आणि दुखत असतं खाली, वृषणाला पीळ बसलेला असतो, त्याला टॉर्शन म्हणतात. पीळ बसल्यापासून साधारण 6 तासांत ऑपरेशन करून तो सोडवला तर वृषण वाचायची शक्यता चांगली असते, पुढे ती भराभर कमी होत जाते आणि मग काढूनच टाकावं लागतं. काही वेळा दुखणं खरंच पोटात जाणवतं हे मान्य, पण कित्येक पोरं नुसत्या लाजेने पोटावर हात ठेवतात, कारण त्या जागेचं नाव घरात कधी कुणी घेतलेलंच नसतं, घेतलं असेल तर शिवीत. म्हणून माझा नियम असा की वयात येणाऱ्या मुलाचं पोट अचानक जोरात दुखलं तर चड्डी काढून बघायचंच, आणि बापाने त्याला आधीच सांगून ठेवायचं की तिथे दुखलं तर मध्यरात्रीही उठव.

मुलींचं वेगळं. शूची जागा म्हणून एकच शब्द दिला की मुलगी धरून चालते तिथे एकच वाट आहे. खरं म्हणजे शूची, योनीची आणि शीची अशा तीन वेगळ्या वाटा. दोन लेकरांच्या आया झालेल्या बायकांनाही हे माहीत नसतं, मी टोमणा मारत नाहीये, त्यांना कुणी सांगितलंच नाही.

आणि तिसरं कारण तुम्हाला माहीत आहे. एखाद्या लेकराने शाळेत बाईंना सांगितलं की अमक्या काकांनी माझं फुलपाखरू दुखवलं, तर बाई म्हणणार बरं बरं जा जाग्यावर बस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाचा जबाब तो बोलेल त्याच शब्दांत लिहून घ्यायचा असतो, चांगली तरतूद आहे, पण तिथपर्यंत पोचायला आधी कुणाला तरी कळावं लागतं ना. शिवाय 'शी, घाण, हात लावू नको' हाच शब्द ज्या पोराने दहा वर्षं ऐकलाय ते घाण जागेबद्दल तक्रार कुठल्या तोंडाने करणार, त्याला वाटतं घाण आपणच केली. त्यामुळे 'घाण' हा शब्द आंघोळ घालताना तुमच्या तोंडून काढून टाका, आज काढा. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 नंबर पोरांना पाठ करून द्या, फुकट लागतो.

आता तुमच्या मुलाला काय सांगायचं. असं काहीतरी: "मी त्या दिवशी गोळीचं म्हणाले ते खरं नव्हतं, गोळीने बाळ येत नाही, आणि मुलग्यांच्या पोटात तर येतच नाही. बाईच्या पोटात जेवण जातं ती जागा वेगळी आणि बाळाची पिशवी वेगळी, तिला गर्भाशय म्हणतात. बाळ व्हायला आईच्या शरीरातलं एक बारीक बीजांड लागतं आणि बाबांच्या शरीरातला एक शुक्राणू, दोन्ही एकत्र आले की बाळ वाढायला लागतं, काकूच्या पोटात ते नाळेतून जेवतं, तुझी बेंबी आहे ना तिथेच तुझी नाळ होती." बास. बहुतेक सात वर्षांची पोरं इथे बेंबी बघत बसतात आणि विषय संपतो. आपल्याला वाटतं त्याला सगळं विचारायचंय, त्याला बऱ्याचदा एवढंच विचारायचं असतं. बोलायच्या आधी "तुला काय वाटतं रे, कसं गेलं असेल?" हे विचारून घ्या, म्हणजे त्याच्या डोक्यात काय भरलंय ते कळतं, चिकटपट्टीपासून ऑनलाइन ऑर्डरपर्यंत काहीही निघतं.

विचारलंच, की बाबांचा शुक्राणू तिकडे जातो कसा, तर सात वर्षांच्या मुलाला "मोठी झालेली दोन माणसं एकमेकांच्या अगदी जवळ येतात तेव्हा बाबांच्या शिश्नातून आईच्या योनीत जातो, हे मोठ्यांचंच काम असतं, मुलांशी असं कुणी करायचं नसतं आणि कुणी केलं तर मला सांगायचं" एवढं पुरतं. तो "शीऽऽ" म्हणेल. म्हणू द्या, तुम्हीही हसा. आणि बाळ बाहेर कसं येतं विचारलं तर 'पोट फाडून काढतात' हे शब्द नकोत, विशेष करून मुलीसमोर, मी सतरा वर्षांच्या मुली बघितल्यात ज्यांच्या मनात तेव्हाचं 'फाडून' अजून बसलंय. योनीच्या वाटेने येतं, ती वाट तेवढ्यापुरती ताणते, आणि कधी अडलं तर डॉक्टर भूल देऊन पोटावर छेद घेतात आणि परत शिवतात, त्याला सिझेरियन म्हणतात.

हातात पीठ असेल, पाहुणे बसलेले असतील तर "भाकरी झाली की सांगते" म्हणायला काही हरकत नाही, पण मग भाकरी झाल्यावर खरंच सांगायचं. तो विसरला असला तरी तुम्ही विषय काढा.

तुमच्या मोठ्या मुलीबद्दल तुम्ही लिहिलंय की ती 10 ची आहे आणि तिच्यासमोर बोलायला लाज वाटते. ताई, मुलापेक्षा तिची घाई जास्त आहे. छातीत एका बाजूला छोटी गाठ आली, दुखतेय म्हणून आया घाबरून माझ्याकडे आणतात, ती बहुतेक वेळा वयात येण्याची पहिली खूण असते, आधी एका बाजूला येऊन मग दुसऱ्या बाजूला आली तरी नॉर्मल. तिथून साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते. म्हणजे तुम्हाला चांगली नोटीस मिळते, आणि तरी कित्येक मुलींना पहिलं रक्त बघून वाटतं की आत काहीतरी फुटलं, कॅन्सर झाला. घरात त्यांनी काय ऐकलेलं असतं, आईला कावळा शिवला. पोरी त्या कावळ्याला शोधतात हो. श्रावणात कानबाई बसायच्या आधी बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात, पोरगी बघते की आई काहीतरी टाळतेय, काय ते कळत नाही. घरात बाजूला बसायचं का नाही हा तुमचा तुमच्या घरातला निर्णय, मी बसू नका म्हणेन पण सासूबाईंशी तुम्हालाच राहायचंय, तरी कावळ्याच्या जागी 'पाळी' हा शब्द येऊ द्या, आणि पॅड कसं लावायचं, कसं गुंडाळून टाकायचं ते आत्ताच दाखवून ठेवा. लाज वाटते ना, मग समोरासमोर बसूच नका, मटार सोलताना, वेणी घालताना बोला, वेणी घालताना तर ती पाठमोरी असते, दोघींचं काम सोपं. आठ वर्षांच्या आत छाती वाढायला लागली किंवा 15 पूर्ण होऊनही पाळी आली नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

मुलग्यांचं सगळ्यात वाईट असतं, कारण मुलीला निदान आई नाहीतर मावशी काहीतरी सांगते, मुलाला कुणीच नाही. त्याला शब्द मिळतात ते एसटी स्टँडच्या आणि रेल्वेलाइनच्या भिंतीवरचे, स्वप्नदोष, धातू जाणे, मर्दाना कमजोरी. बारा-चौदाव्या वर्षी झोपेत चड्डी ओली होणं हे मिसरूड फुटण्याइतकं साधं आहे, पण त्याच्या नावातच 'दोष' घातल्यावर पोराने काय समजावं, त्यात वीर्याचा एक थेंब म्हणजे चाळीस थेंब रक्त हे कुणीतरी सांगतंच, की पोरगा महिनाभर चेहरा पाडून फिरतो आणि लॉजवर बसणाऱ्या त्या वैद्याला पैसे देऊन येतो. एकही थेंब रक्त त्यात जात नाही. हे त्याला अकराव्या वर्षाच्या आसपास घरातल्या पुरुष माणसाने सांगितलं तर सगळ्यात चांगलं, आणि त्याच बसण्यात हेही, की मोबाइलवर तसले व्हिडिओ समोर येतील, ते पैशासाठी केलेलं नाटक असतं, दिसलं तर मला सांग, मी मोबाइल काढून घेणार नाही. हे शेवटचं पाळायचं पण, एकदा काढून घेतला की पुढचं काहीच कळणार नाही.

तुमचे मिस्टर 'मला नाही जमणार' म्हणतील असं तुम्हीच लिहिलंय. नसेल जमत तर जबरदस्ती करू नका, तुमच्या भावाला सांगा. भाचा मामाशी जे बोलतो ते बापाशी कधीच बोलत नाही, फक्त मामाला आधी हे सगळं वाचायला द्या, कारण त्यालाही कुणी सांगितलेलं नसणार. मामा लांब असेल तर उपजिल्हा रुग्णालयात वयात येणाऱ्या पोरापोरींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक असतात, पैसे लागत नाहीत, आधी एकदा तुम्ही स्वतः जाऊन कोणत्या दिवशी कोण बसतं ते विचारून या.